काचेचा मणी आणि माहुरझरीचा दगड

मणी हा माणसाचा फार जुना सोबती आहे. धातू वितळविण्याची विद्या हाती येण्यापूर्वीच माणसाने शिंपले, हाडे आणि दगड यांना वेज पाडून ते दोऱ्यात ओवले होते. आजही ज्या घरात एकही मणी नाही, असे मराठी घर क्वचितच आढळेल. तान्ह्या बाळाच्या मनगटावर काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या असतात. मंगळसूत्रात काळी पोत असते. आजोबांच्या हाती जपमाळ असते. विदर्भाच्या पूर्व भागातील गोंड आणि माडिया स्त्रियांच्या गळ्यात तर बारीक रंगीत मण्यांच्या कित्येक माळा एकीवर एक शोभतात. यांतील पुष्कळ मणी काचेचे असतात. वस्तू एवढीशी आणि किंमतही थोडी, म्हणून तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. परंतु हाताने घडविलेल्या काचेच्या मण्यात कारागिराची दृष्टी, बुद्धी आणि धीर ही तिन्ही सामावलेली असतात.

काचेचा मणी हाताने घडविण्याची एक रीत अशी आहे. कारागिरापुढे एक निमुळती, प्रखर ज्योत जळत असते. त्याच्या एका हातात रंगीत काचेची कांडी आणि दुसऱ्या हातात धातूची बारीक सळई असते. सळईच्या टोकाला पांढऱ्या मातीचा लेप दिलेला असतो. तो नसेल तर तापलेली काच धातूला कायमची चिकटून बसेल. कांडीचे टोक ज्योतीत धरले की ते लाल होते, मऊ पडते आणि थेंबासारखे लोंबू लागते. तो थेंब सळईला टेकवून कारागीर सळई फिरवू लागतो, आणि काच तिच्याभोवती गुंडाळली जाते. बर्फ एका ठरावीक उष्णतामानावर वितळतो. काचेचे तसे नाही. ती हळूहळू मऊ होते, मधासारखी दाट वाहते आणि हळूहळूच घट्ट होते. म्हणून सळई सारखी फिरती ठेवावी लागते. हात क्षणभर थांबला की मणी एका अंगाला ओघळतो.

आकार साधला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. तापलेला मणी एकदम थंड झाला, तर त्याचा बाहेरील थर आधी आखडतो आणि आतील थर मागे राहतो. या ओढाताणीने मणी तडकतो. म्हणून तो भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंतच्या उष्णतेत ठेवून सावकाश निववावा लागतो. मग तो सळईवरून उतरवितात. सळईची जागा हेच मण्याचे वेज. दगडाच्या मण्याला वेज मागाहून पाडावे लागते. काचेचा हा मणी मात्र वेजाभोवतीच जन्माला येतो.

ही कला सरावाने साध्य होते. परंतु सरावातच एक धोका दडलेला असतो. शेकडो मणी घडविल्यावर हात इतका सरावतो की, मनाने लक्ष दिले नाही तरी मणी तयार होतो. निळ्यावर पांढरे ठिपके, हिरव्यावर पिवळी रेघ, पुन्हा निळ्यावर पांढरे ठिपके! प्रत्येक मणी निर्दोष असतो, पण कोणताही नवा नसतो. सारखे एका मापाचे मणी तर यंत्रही हजारांनी पाडते, आणि तेही पुष्कळ स्वस्तात. मग हाताच्या मण्यासाठी कोणी चार पैसे अधिक का द्यावेत? या प्रश्नावर कारागिराचे पोट अवलंबून असते आणि त्याचा स्वाभिमानही. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या कारागिराचे गाजलेले नमुने पाहावेत आणि तसेच आपण करावेत, असा मोह होतो. त्याने चार दिवस निभावतात. पण उसने आणलेले लवकरच सरते आणि कारागीर पुन्हा पहिल्याच जागी येऊन उभा राहतो.

मग नवे सुचावे कसे? या प्रश्नाचे एक उत्तर नागपूरच्या अगदी जवळ, मातीत पडलेले आहे.

नागपूरच्या वायव्येस सुमारे पंधरा किलोमीटरवर माहुरझरी नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या माळावर मोठमोठे दगड वर्तुळाकार मांडलेले दिसतात. ही शिलावर्तुळे म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात येथे राहणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांसाठी उभारलेली स्मारके होत. अशीच वर्तुळे जवळच्या जुनापाणी येथेही आहेत. या भागातील वर्तुळांविषयी रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये लेख प्रसिद्ध केला होता. पुढे १९७० ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली माहुरझरी येथे उत्खनन केले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीही येथे काम केले. वर्तुळांच्या पोटात लोखंडाची हत्यारे आणि घोड्यांना घालावयाची तांब्याची आभूषणे मिळाली. त्यांच्याबरोबर मणीही मिळाले: अकीकाचे, जॅस्परचे, स्फटिकाचे आणि कार्नेलियन नावाच्या तांबड्या अकीकाचे. केवळ तयार मणीच नव्हेत, तर कच्चे दगड, त्यांच्या ढलप्या आणि अर्धवट राहिलेले मणीही येथे सापडले. त्यावरून माहुरझरी हे मणी घडविणाऱ्या कारागिरांचे मोठे केंद्र होते, हे सिद्ध झाले.

हे कारागीर दगडाचे काम करीत. काचेचा कारागीर काचेचे काम करतो. या दोघांचा संबंध काय, असे कोणाला वाटेल. परंतु हा संबंध फार जवळचा आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर तप्त लाव्हारसाचे लोट पसरले. रस थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे आतच अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिले. त्या पाण्याबरोबर आलेली सिलिका पोकळीच्या भिंतींवर थरावर थर बसत गेली, आणि अशा रीतीने अकीक तयार झाला. नागपूर हे या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडील सीमेजवळ वसलेले असल्याने येथील कारागिरांना हे दगड दूरून आणावे लागले नसावेत. आता काच कशाची होते? तीही मुख्यतः सिलिकेचीच. वाळूतील सिलिका वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सियस उष्णता लागते. तीत सोडा मिसळला की ती पुष्कळ कमी उष्णतेत वितळते, आणि चुना घातला की तयार झालेली काच पाण्याने झिजत नाही. म्हणजे अकीक आणि काच ही एकाच घराण्यातील भावंडे होत. एकाला घडविण्यास निसर्गाने प्रदीर्घ काळ घेतला. दुसरीला माणूस थोड्याच वेळात घडवितो.

हे नाते ध्यानात आले की कारागीर माहुरझरीच्या मण्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. अकीकाचा मणी कापला की आतील थर वलये होऊन दिसतात. त्या वलयांत दोन रेघा कधी सारख्या जाडीच्या नसतात. एक केसासारखी बारीक, दुसरी सुंभासारखी जाड. कोठे पांढरी रेघ धुरकट होत होत करड्या रंगात विरून जाते. काचेवर रेघ ओढताना कारागीर आजवर ती सरळ आणि सारखी यावी म्हणून झटत होता. अकीक त्याला सांगतो की, सारखेपणात सौंदर्य असतेच असे नाही. कधी ते फरकातही असते.

माहुरझरीच्या काही तांबड्या मण्यांवर पांढऱ्या रेघांची नक्षी आहे. ती कोरलेली नाही आणि रंगविलेलीही नाही. खाराचा लेप घेऊन त्याने दगडावर आकृती काढावयाची आणि मग दगड तापवावयाचा. तेवढ्या भागाचा पृष्ठभाग पांढरा होतो आणि नक्षी कायमची उमटते. नक्षीच्या अशा मण्यांचा अभ्यास करून मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९४९ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी भारतीय काचेचा इतिहासही लिहिला. या मण्यांवरून काचेच्या कारागिराला दुसरा धडा मिळतो. प्राचीन कारागिराकडे रंगांच्या शंभर कांड्या नव्हत्या. तांबडा दगड आणि पांढरी रेघ, एवढेच त्याचे भांडवल होते. परंतु त्याच दोन रंगांत त्याने वर्तुळे, नागमोडी रेघा आणि चौकटी अशा नाना आकृती साधल्या. साधने थोडी असली की बुद्धीला अधिक काम करावे लागते. ज्याला नवे सुचत नाही, त्याने कांड्या वाढवू नयेत, कमी कराव्यात. दोनच रंग घेऊन वीस मणी करावयाचे आणि त्यांतील एकही दुसऱ्यासारखा होऊ द्यावयाचा नाही, असा नियम स्वतःला घालून घेतला, तर पहिले चार-पाच मणी जुन्या सवयीने होतात. त्यानंतर सवय संपते आणि विचार सुरू होतो.

तिसरा धडा अर्धवट राहिलेल्या मण्यांचा आहे. पूर्ण झालेला मणी आपले रहस्य झाकून ठेवतो. अपुरा मणी ते उघड करतो. दगड आधी कसा फोडला, कडा ठोकून कशा काढल्या, मग घासून गोलाई कशी आणली, हे सर्व अपुऱ्या मण्यांवरून क्रमाने उलगडते. वेज पाडताना फुटलेला मणी तर त्याचे घर किती खोल गेले होते, हेही दाखवितो. कारागीर बहुधा आपले बिघडलेले मणी फेकून देतो. ते डबीत जपून ठेवावेत आणि मधूनमधून पाहावेत. तांबे मिसळलेली काच मोकळ्या ज्योतीत हिरवट निळी राहते आणि धुरकट ज्योतीत तांबूस होते. ठरविलेल्या रंगाऐवजी भलताच डाग उमटलेला मणी हा अपयशाचा मणी असतो. पण ज्योत कोठे धुरकट झाली होती, हे ज्याने टिपून ठेवले, त्याला तोच डाग पुढे हवा तेव्हा आणता येतो.

दगडापासून काचेने शिकावे, ही कल्पना काही आजची नाही. इटलीतील व्हेनिस या नगराने १२९१ मध्ये आपल्या काचेच्या भट्ट्या जवळच्या मुरानो बेटावर हलविल्या. तेथील कारागिरांनी पंधराव्या शतकात अकीकासारखी नागमोडी रंगांची काच तयार केली. अनेक रंगांची काच एकत्र करून ती पुरती एकजीव होण्यापूर्वीच घडविणे, हे तिचे वैशिष्ट्य होते. पुढे ही कृती विसरली गेली आणि १८५६ मध्ये लोरेन्झो रादी याने ती पुन्हा साधली. व्हेनिसच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध मण्यात पांढऱ्या, तांबड्या आणि निळ्या काचेचे थर एकावर एक चढविलेले असतात. त्यांच्यातील सांधे दातेरी असतात. मण्याची दोन्ही टोके घासली की आतील थर उघडे पडतात आणि बारा टोकांचा तारा दिसू लागतो. अकीक कापल्यावर वलये दिसावीत, तसाच हा प्रकार आहे. पहिल्या काचेत दगडाचे रूप घेतले होते. या मण्यात थर रचून ते उघडे करण्याचे तत्त्व तेवढे दिसते. रूपाची नक्कल लवकर संपते. तत्त्व हाती आले म्हणजे त्यातून कितीतरी नवी रूपे निघू शकतात.

हाच भेद निसर्गाकडे पाहतानाही ध्यानात ठेवावा लागतो. फाल्गुनात विदर्भातील रानात पळस फुलतो. झाडावर पाने नसतात. केवळ केशरी फुलांचे झुबके असतात. कारागीर हरखून जातो आणि काचेची केशरी फुले करू लागतो. परंतु ती फुले निस्तेज दिसतात. मग तो पळसाची एक डहाळी हाती घेऊन निरखतो. फुलाच्या देठाशी असलेली वाटी मखमली आणि काळसर असते, असे त्याला दिसून येते. केशरी रंग पेटल्यासारखा वाटतो, तो त्या काळसर रंगाच्या शेजारामुळे. आता फुलाचा आकार काढण्याची गरज उरत नाही. काळ्या मण्यावर केशरी काचेचा एकच ठिपका नेमक्या जागी पडला तरी पळस आठवतो.

नागपूरच्या अंबाझरी आणि फुटाळा तलावांच्या काठी खंड्या पक्षी मासे टिपताना दिसतो. त्याच्या पाठीवरील निळा रंग हा कोणत्याही निळ्या द्रव्याचा नाही. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून निळे किरण परत फिरतात, म्हणून ते पीस निळे दिसते. हे कळल्यावर कारागीर अधिक गडद निळी कांडी शोधीत बसत नाही. तो मधोमध पांढऱ्या काचेचा गाभा ठेवतो आणि त्यावर पारदर्शक निळ्या काचेचा पातळ थर चढवितो. प्रकाश निळ्या थरातून आत जातो, पांढऱ्या गाभ्यावर आपटतो आणि पुन्हा निळ्यातून बाहेर येतो. मणी आतून उजळल्यासारखा दिसतो. पिसाची रीत वेगळी आणि मण्याची वेगळी. पण रंगाचा विचार करण्याऐवजी प्रकाशाचा विचार करावा, ही दृष्टी त्या पक्ष्यानेच दिलेली असते.

पाहिलेले स्मरणात टिकत नाही. म्हणून पाहणाऱ्याजवळ वही असावी. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक 'अजब बंगला' म्हणतात. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात, किंवा सातवाहनकालीन वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या तेर येथील संग्रहालयात, एखाद्या प्राचीन वस्तूपुढे दहा मिनिटे उभे राहून तिची आकृती वहीत काढली, तर नुसत्या पाहण्यात निसटलेल्या अनेक गोष्टी हाताला कळतात. वहीत आकृतीशेजारी एक प्रश्न लिहावा: ही वस्तू अशी का दिसते? नंतर मणी घडविताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रंग, आकार आणि नक्षी ही सर्व एकदम बदलली, तर कशामुळे काय झाले, हे समजत नाही.

माहुरझरीसारख्या ठिकाणी मात्र एक पथ्य पाळलेच पाहिजे. तेथे एखादा मणी मातीत चमकताना दिसला, तरी तो उचलून खिशात घालू नये. मणी ज्या थरात आणि ज्या वस्तूंच्या शेजारी असतो, त्यावरून संशोधक त्याचा काळ आणि उपयोग ठरवितात. जागेवरून हलविलेला मणी मुका होतो. तेथून न्यावयाची ती आकृती, आठवण आणि विचार. खऱ्या कारागिराला तेवढे पुरते.

काचेला फार दिवस खोटे रत्न म्हणून हिणविले गेले. ती जोवर माणकाचे किंवा पाचूचे सोंग घेते, तोवर तिला हा बोल ऐकावा लागणारच. परंतु प्रकाश आत घेऊन तो रंगवून परत देणे, थेंबासारखे वाहता वाहता थांबणे आणि एका थरातून दुसरा थर दाखविणे, हे जे काचेला साधते ते माणकाला साधत नाही. कारागिराचेही असेच आहे. दुसऱ्याचे सोंग घेईपर्यंत तो मागे राहतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहू लागला की तो नवा होतो. माहुरझरीच्या मणिकारांनी आपल्या पायाखालचा दगड निरखला आणि त्यातून अडीच हजार वर्षे टिकलेले सौंदर्य घडविले. पायाखालची भूमी आजही तीच आहे. पाहणारा डोळा तेवढा हवा.

स्वाध्याय

१. दगडाच्या मण्याचे वेज आणि काचेच्या मण्याचे वेज यांत कोणता फरक आहे?
२. काचेचा मणी सावकाश का निववावा लागतो?
३. अकीक आणि काच यांना 'एकाच घराण्यातील भावंडे' का म्हटले आहे?
४. 'जागेवरून हलविलेला मणी मुका होतो' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. रूपाची नक्कल करणे आणि तत्त्व घेणे यांतील भेद पळसाच्या किंवा खंड्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
६. तुमच्या घरातील एखादी नित्याची वस्तू दहा मिनिटे निरखा, तिची आकृती काढा आणि पूर्वी लक्षात न आलेल्या तीन गोष्टी लिहा.